तिसऱ्यांदा ‘नीट’? आधी लेकीला विचारा

बेळगावच्या वडगावातून एका वडिलांनी लिहिलंय. मुलीची पीयूसी (बारावी) सायन्स झाली, केमिस्ट्रीत 94 मार्क. ‘नीट’ दोनदा दिली, नंबर लागला नाही. आता तिसऱ्यांदा, तेही लातूरच्या क्लासला पाठवून. ती मात्र गच्चीवर ‘बरण्या मांडून बसते’: सूत रंगवून उरलेलं पाणी आणि त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो, म्हणजे अतिशय बारीक, पूड. ‘संध्याकाळी रंग गेला, पाणी शुद्ध झालं, यात शिकण्यासारखं काय?’

भाऊ, अख्ख्या पत्रात तिला काय हवंय याची एक ओळ नाही. पाहुणे काय म्हणतील यावर मात्र अर्धं पान आहे. दोनदा नापास झाल्यासारखं वाटून घेतलेली पोर रोज तुमच्यासमोर जेवायला बसते, तिच्या घशाखाली घास कसा उतरत असेल? तिसरं वर्ष तिच्यावर लादू नका.

एक बरणी तिने काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली, ‘उगाच’, असं तुम्ही लिहिता. उगाच नाही हो! पूड रंग नुसता धरून ठेवते की उजेडामुळे तो तुटतो, हे अंधारातल्या बरणीशी ताडून पाहिल्यावरच कळतं. ही समज कुठल्या क्लासात विकत मिळत नाही.

आणि रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं मुळीच नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी पुडीवर हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिक्रियाशील कण तयार होतात, ते रंगाचे रेणू तोडतात. रेणूचा रंग दाखवणारा भाग तुटला की पाणी नितळ दिसतं. उरलेले तुकडे दिसत नाहीत, पण असतात, आणि काही मूळ रंगाहून घातक निघू शकतात. त्यांचा पार कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झालं का, हे टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, तपासल्यावर कळतं. रंगाईतलं मीठ तर तसंच राहतं. त्यात उन्हात अतिनील भाग जेमतेम 4-5 टक्के, आणि पूड इतकी बारीक की गाळून काढणं जिकिरीचं. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी 1972 मध्ये याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. तेव्हापासून जगभर लोक यावर राबताहेत.

तिला यातच पुढे जायचं असेल, तर केमिस्ट्रीतून बीएस्सी, मग ‘जॅम’ ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. गणित असेल तर के-सीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतून केमिकल इंजिनिअरिंग. ‘नॅनो’ नावाची डिग्री आत्ताच शोधू नका. संशोधनात पैसा उशिरा येतो, हे तिलाही स्पष्ट सांगा.

लातूरची फी भरू नका. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, आणि पाण्यातली पूड तिने परत कशी काढली, तेही त्यात येऊ द्या.