अँटिबायोटिक घेतल्याने प्रतिकारशक्ती कमी होते का?

नाही. डॉक्टरांनी दिलेल्या साध्या कोर्सने तसं काही होत नाही. अॅमॉक्सिसिलिन जंतूची पेशीभित्तिका बनू देत नाही, आणि आपल्या पांढऱ्या पेशींना ती भित्तिकाच नसते. डॉक्सिसायक्लिन तर बहुतेक जंतूंची नुसती वाढ थांबवतं, पुढे त्यांना संपवतात आपल्याच पेशी.

एवढं ठासून सांगते, कारण याच समजुतीपायी आमच्या सासऱ्यांचा पाय जायची वेळ आली होती. मधुमेह जुना. द्राक्षबागेतल्या ओल्यात वावरून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, तिथून जंतू शिरले आणि नडगी लाल, गरम, टणक झाली. डॉक्टरांनी सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग, सांगून अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. लाली जरा ओसरते न ओसरते तोच दीर येऊन बसले. "वहिनी, अजून किती विष घालणार? अप्पांची प्रतिकारशक्तीच संपेल."

मी नको नको म्हणत होते, पण मुलापुढे सुनेचं कोण ऐकतं? गोळ्या बंद, हळदीचं दूध आणि गुळवेल सुरू. मग थंडी वाजून ताप, गुडघ्यापर्यंत सूज, पायावर फोड. दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध द्यावं लागलं. साखर निघाली 300 च्या वर. प्रतिकारशक्ती खात होती ती ही साखर! ती चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंना गिळायला कमी पडतात. घरात तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आतड्यातले उपयोगी जंतू मात्र या औषधांनी मरतात, हे खरं. ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं आणि प्रतिकारयंत्रणाही ताळ्यावर राहते. म्हणून काहींना जुलाब होतात. क्वचित क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू माजतो, आणि म्हातारपणी ते जिवावर बेतू शकतं. लिनेझोलिड नावाच्या अँटिबायोटिकचा कोर्स लांबला तर रक्तपेशी घटू शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासतात. सर्दी विषाणूंची, तिच्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका.

पण चालू कोर्स थांबवायचा की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा, नातेवाइकांना नाही. आमचे दीर अजून म्हणतात, अप्पा हळदीच्या दुधाने बरे झाले. ते दूध अप्पा पाय सुजण्याआधीही रोज पीत होते.