आईबद्दल लिहायला बसले की ‘कष्टाळू, प्रेमळ’च्या पुढे सरकतच नाही

प्रश्न : ताई, आई जाऊन 8 महिने झाले. शिलाई मशीनवर तिने आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. माझी मुलगी झाली तेव्हा मशीन बाजूला सारून तिला सांभाळलं, म्हणून माझी नोकरी टिकली. वर्ष होईल तेव्हा घरचे जमणार आहेत आणि मी बोलायचं ठरलंय. पण ‘कष्टाळू, प्रेमळ, सगळ्यांसाठी झिजली’ एवढंच सुचतं. शिवताना ती तोंडात टाचण्या धरून नुसत्या ‘हं’ने उत्तरं द्यायची, असलं काहीबाही आठवतं. आई तापटही होती, रागावली की दोन-दोन दिवस अबोला. दादा म्हणतो, ते काढू नकोस. मैत्रीण म्हणते, दुःखाचे पाच टप्पे असतात आणि मी रागावरच अडकलेय. मुलगी 5 वर्षांची आहे. तिला आजी लक्षात राहील का?

उत्तर : ज्याला तुम्ही ‘काहीबाही’ म्हणता, तिथेच मला तुमची आई दिसली. ‘कष्टाळू, प्रेमळ’ कुणाच्याही आईला चालतं. त्या टाचण्यांपासून बोलायला सुरुवात करा. मशीन किती वाजता सुरू व्हायचं, शिवण वाकडी गेली तर ती तशीच खपवायची की रात्री बसून उसवायची, पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सुनवायची, हे सांगा. कष्ट त्यातून आपोआप कळतील.

‘सगळ्यांसाठी झिजली’ मात्र वगळाच. असं म्हटलं की तिला स्वतःचं काही हवं होतं, हेच पुसलं जातं. नातीसाठी मशीन बाजूला सारलं, ते तिला सोपं गेलं का? हात शिवशिवत नसतील? मावशी असेल, जुनी शेजारीण असेल, तर विचारा. मुलांना न सांगितलेलं बाया एकमेकींना सांगतात. कदाचित तिने ते आनंदाने केलं असेल, कदाचित कुरकुरत. दोन्ही उत्तरांनी तिचं मोल कमी होत नाही.

अबोल्याचं तेच. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी तो सोसलाय, तो लपवून कुणाला फसवणार? तो सुटायचा कसा, कोण आधी बोलायचं, तेही सांगा. लोक हसतील. हसू द्या.

टप्प्यांचं मनावर घेऊ नका. एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1969 मध्ये ते मांडले, ते स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. सगळे त्याच क्रमाने जातात असं नाही. राग येतोय तर येऊ द्या. मात्र वर्ष उलटूनही रोजची कामं ठप्प असतील, तर समुपदेशकाकडे जा.

मुलीचं म्हणाल, तर साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही. त्यानंतरचंही बरंच गळतं. पण ज्याबद्दल घरात बोललं जातं, ते जास्त टिकतं. तेव्हा ‘आजी किती चांगली होती ना?’ असं विचारू नका, त्यावर ती नुसती मान डोलावेल. ‘आजी सुईत दोरा ओवायला कुणाला बोलवायची?’ असं विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. चुकीचं सांगितलं तरी दुरुस्त करू नका. आईचे आवाजी निरोप मोबाइलवर असतील तर ते आजच दुसरीकडे साठवा. फोन बिघडला तर ते कायमचे जाऊ शकतात.

राहिला दादा. लिहून झालं की त्याला आधी वाचायला द्या, पण आदल्या रात्री नको, चांगलं आठवडाभर आधी. एखादा प्रसंग त्याला खरोखर लागला तर गाळा. ‘लोक काय म्हणतील’ एवढंच कारण असेल तर राहू द्या. आणि अबोल्याची त्याची स्वतःची एक गोष्ट असणारच, ती त्यालाच सांगायला लावा.