लॉकडाऊनमध्ये गावातल्या बाळांचं नेहमीचं लसीकरण का अडलं? चुकलेले डोस नंतर भरून काढता येतात का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण आईबापांना तेच हवं असतं: हो, बहुतेक येतात. मध्ये कितीही खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. जिथे थांबलं होतं तिथून पुढे जायचं. तपशील शेवटी दिला आहे.

आता पहिला प्रश्न. महाराष्ट्रात २०२० मध्ये खरी अडचण लशीपेक्षा लस बाळापर्यंत नेणाऱ्या साखळीची होती, असं माझं मत आहे. गावात महिन्याचा ठरलेला दिवस असतो. आदल्या दिवशी आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) यादी घेऊन घरोघर सांगून येते. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमधून (लशीचा खास फ्रिज, यात लस २ ते ८ अंशांवर राहते) लस काढतात, चार आइसपॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये भरून अंगणवाडीत नेतात आणि उरलेली संध्याकाळी परत आणतात. २५ मार्च २०२० नंतर अंगणवाड्या बंद झाल्या, एसटी थांबली, आशा घरोघरच्या सर्वेक्षणाला जुंपल्या गेल्या आणि आरोग्यसेविकांकडे परगावाहून आलेल्यांच्या याद्या आल्या. उपकेंद्रात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे, आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजारांमागे, मुळात सेविका एकच. तिचा दिवस दुसरीकडे गेला की सत्र रद्द. जानेवारी २०२१ पासून कोविडची लस आली, तीही याच हातांनी द्यायची होती.

सगळ्या लशींवर सारखा परिणाम झाला नाही. बीसीजी, शून्य पोलिओ आणि कावीळ ब या जन्मताच द्यायच्या लशी बाळंतपण जिथे होतं तिथेच दिल्या जातात. त्या सगळीकडे चालू ठेवण्याची सूचना होती. फटका बसला तो गावातल्या सत्रांना, कारण प्रतिबंधित क्षेत्रात ती बंदच होती आणि क्षेत्र यादीतून निघाल्यावरही चौदा दिवस थांबायचं होतं. म्हणजे ६, १०, १४ आठवड्यांची पेंटाव्हॅलंट (पेंटा, पाच आजारांवरची एकत्र लस), नवव्या महिन्याची गोवर-रुबेला आणि १६ ते २४ महिन्यांचे बूस्टर अडले. शेवटचे दोन तर एरवीही राहून जातात, कारण बाळ चालायला लागलं की घरच्यांना लसीकरण संपल्यासारखं वाटतं.

कुपीचा हिशेब बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पोलिओ, पेंटा, पीसीव्ही (न्यूमोनियाविरुद्धची लस) यांची उघडलेली कुपी नियम पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या पावडरीत द्रावण मिसळलं की चार तासांत कुपी संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. गोवर-रुबेलाची कुपी साधारणपणे पाच डोसांची असते. गर्दी टाळायची म्हणून एका वेळी चार-पाच आयांनाच बोलवायचं, त्यात नऊ महिन्यांचं बाळ एकच निघालं, की वाया जाण्याच्या भीतीने 'पुढच्या वेळी या' असं सांगितलं जातं. नियम याच्या उलट आहे. एका बाळासाठीसुद्धा कुपी उघडायची. चार डोस वाया गेले तरी ते गोवराच्या उद्रेकापेक्षा स्वस्तच पडतात.

दुसरी चूक सर्दी-खोकल्याची. कोविडमध्ये खोकणारं बाळ परत पाठवणं समजण्यासारखं होतं, पण एरवी साधी सर्दी हे लस टाळण्याचं कारण नाही. ती सवय मागे राहिली तर डोस विनाकारण लांबतो.

सगळ्यात अवघड गट स्थलांतरितांचा. बीडकडचे ऊसतोड कामगार एप्रिल २०२० मध्ये साखर कारखान्यांच्या तळांवर अडकले होते, मग परतले. अशा बाळाचं नाव गावच्या यादीत 'बाहेरगावी' म्हणून असतं आणि तळावरच्या यादीत नसतंच. पत्रा-बांबूच्या कोपीतून (झोपडीतून) घरी येताना कार्ड हरवलं की आधी काय दिलं तेही कळत नाही.

देशपातळीवरचे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचे अंदाज पाहा: डीटीपीच्या (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकल्यावरची लस; आपल्याकडे ती पेंटातूनच मिळते) तिसऱ्या डोसचं प्रमाण २०१९ मध्ये ९१ टक्के होतं, ते २०२० मध्ये ८५ वर आलं. एकही डोस न मिळालेली बाळं सुमारे १४ लाखांवरून ३० लाखांवर गेली. याचा परिणाम लगेच दिसत नाही. साथीत लोक घरात असतात, गोवरही फिरत नाही, आणि लस न मिळालेली मुलं मात्र साचत जातात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसंच मालेगाव-भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला. तो शहरी वस्त्यांतला, आणि एकट्या लॉकडाऊनला त्याचा दोष देता येणार नाही. पण साचण्याचं गणित तेच.

आता राहिलेल्या डोसांचं. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. पेंटा, रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबावरची लस) आणि पीसीव्हीचा पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल तर उरलेले नंतरही पूर्ण करतात. वर्ष उलटेपर्यंत पेंटा सुरूच झाली नसेल, तर सरकारी कार्यक्रमात डीपीटीचे (म्हणजे वरची डीटीपीच) तीन डोस देतात आणि तिसऱ्यानंतर किमान सहा महिन्यांनी बूस्टर. डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते. गोवर-रुबेलाचे दोन डोस पाच वर्षांपर्यंत. बीसीजी मात्र वर्षाच्या आतच. एकाच दिवशी दोन्ही मांड्यांवर वेगवेगळी इंजेक्शनं चालतात. 'एक आज, एक पुढच्या महिन्यात' असं मागू नका.

कार्ड हरवलं असेल तर डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का ते बघा, आणि ज्या गावात आधी डोस झाले तिथल्या सेविकेकडून रजिस्टरमधली नोंद मागवा. तीही नसेल तर डोस झालाच नाही असं धरून लस देतात. चुकून एखादा जास्त झाला तरी सहसा बिघडत नाही.