जावामध्ये उपवर्गात कास्ट करताना क्लासकास्टएक्सेप्शन का येते?

बोनस काढण्यासाठी ‘कर्मचारी’ यादीतील ऑब्जेक्ट ‘व्यवस्थापक’ या उपवर्गात (मूळ वर्गावरून तयार केलेल्या वर्गात) कास्ट करताना, म्हणजे कंसात उपवर्गाचे नाव लिहून ते त्या प्रकारचे मानताना, कंपाइलरने हरकत घेतली नाही, पण प्रोग्राम चालवताच क्लासकास्टएक्सेप्शन (प्रकार न जुळल्याची त्रुटी) आले, असे आपण लिहिले आहे. कास्टमुळे ऑब्जेक्ट बदलत नाही, केवळ त्याच्याकडे पाहणाऱ्या संदर्भाचा प्रकार बदलतो. त्यामुळे जे ऑब्जेक्ट मुळात साधा कर्मचारी म्हणून निर्माण झाले, ते कंसात काहीही लिहिले तरी व्यवस्थापक होणार नाही. कास्टपूर्वी इन्स्टन्सऑफने (ऑब्जेक्ट त्या वर्गाचे आहे का, हे सांगणाऱ्या ऑपरेटरने) तपासणी करावी. जावा १६ पासून (२०२१) त्याच तपासणीत नवे व्हेरिएबल घोषित करता येत असल्याने वेगळा कास्ट लिहावा लागत नाही. ट्राय-कॅचने (त्रुटी पकडणाऱ्या रचनेने) चूक गिळून टाकू नये. खरे तर बोनस काढण्याची मेथड मूळ वर्गात ठेवून उपवर्गात ओव्हरराइड केली (त्याच नावाने नव्याने लिहिली), तर येथे कास्टची गरजच उरणार नाही.