टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम नेमका कशाला म्हणायचं? फासे, पात्रं आणि नकाशे तर बोर्ड गेममध्येही असतात, मग फरक कुठे?

फरक फाशांत नाही, पात्रांत नाही आणि नकाशात तर मुळीच नाही. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की नागपुरात चौघं मित्र आहात, बोर्ड गेम भरपूर खेळून झालेत, 'आरपीजी' छापलेली तीन वेगवेगळ्या जातीची खोकी बघून गोंधळ उडालाय, तर आधी फरक सांगा आणि मग काय घ्यायचं ते सांगा. फरकावर मी जरा जास्तच बोलणार आहे. हा वाद मी टेबलावरही घातलाय आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही, आणि समोरचा अजून ऐकत नाही.

माझी कसोटी एकच. नियमपुस्तकात नसलेली, पण त्या प्रसंगात शक्य असलेली गोष्ट खेळाडूने करायची म्हटली, तर खेळाला उत्तर द्यावंच लागतं का? लागत असेल तर तो टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, थोडक्यात टीटीआरपीजी. 'तसा पर्याय नाही' म्हणून हात वर करता येत असतील तर तो बोर्ड गेम किंवा व्हिडिओ गेम, मग खोक्यावर कितीही ड्रॅगन असोत. ग्लूमहेवन घ्या. पात्र आहे, लेव्हल वाढते, पुढे सरकणारी गोष्ट आहे. पण तुमच्या पाळीला तुम्ही दोन पत्ते निवडता, एकाचा वरचा भाग आणि दुसऱ्याचा खालचा भाग वापरता, बस. समोरचं लाकडी दार पेटवून राक्षसांना धुराने बाहेर काढायचं तुमच्या डोक्यात आलं तरी त्याला पत्ता नाही. खेळ उत्तम आहे, मी कधीही बसायला तयार आहे, पण तो बोर्ड गेम आहे. बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेमचे नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी) पाचव्या आवृत्तीवरून घेतलेत, तरी तिथे जे आधी कुणी लिहून ठेवलं तेवढंच घडतं.

कसोटीचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. ते उत्तर सगळ्यांवर बंधनकारक असलं पाहिजे. चोर-पोलीस खेळताना पोरं 'तुला गोळी लागली', 'नाही लागली' यावरून भांडतात आणि खेळ तिथेच मोडतो. कल्पनेला मोकळीक आहे, पण निकाल लावायची पद्धत नाही. टीटीआरपीजीत दोन्ही असतात: काहीही करून बघायची मुभा, आणि त्याचं काय झालं हे ठरवायची आधीच मान्य केलेली रीत. ही रीत म्हणजे फासे असू शकतात, पत्ते असू शकतात, एका माणसाचा शब्द असू शकतो. ड्रेड नावाच्या भयकथेच्या गेममध्ये तर जेंगाचा मनोरा असतो. अवघड काम करायचं की एक ठोकळा काढायचा, मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं.

हे सगळं आलं युद्धखेळातून. प्रशियात राइसविट्झने १८२४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी जो क्रीगस्पील बसवला त्यात पंच होता, पण त्याच्यापुढे नियमांचा आणि तक्त्यांचा डोंगर होता. १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्नवा या अधिकाऱ्याने सरळ सांगितलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. आणि १९६९ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटात, डेव्हिड वेस्लीने ब्राउनस्टाइन नावाचा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक जर्मन गाव, आणि खेळाडूंना फौजा देण्याऐवजी एकेक माणूस दिला आणि त्याचा स्वतःचा मतलब दिला. खेळाडू नियमांत नसलेल्या गोष्टी करायला लागले आणि वेस्लीला जागच्या जागी उत्तरं द्यावी लागली. त्या टेबलावर डेव्ह आर्नेसन होता. त्याने पुढे ब्लॅकमूर नावाचं काल्पनिक जग उभं केलं आणि गॅरी गायगॅक्ससोबत १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणलं. म्हणजे वीस बाजूंचा फासा मागाहून आला. उत्तर देणारा माणूस आधी आला.

आता आपल्याच गावचं उदाहरण. सीताबर्डीची लढाई, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. अप्पासाहेब भोसल्यांची फौज चालून आलेली, कंपनीची तुकडी दोन टेकड्यांवर, एक मोठी आणि एक लहान. हा युद्धखेळ म्हणून मांडला तर एक जण भोसले, एक जण कंपनी, आणि दोघं ठोकळे सरकवतात. टीटीआरपीजी म्हणून मांडायचा तर चौघांतला एक गेम मास्टर (जीएम), म्हणजे उत्तरं देणारा, आणि बाकी तिघं माणसं होतात: टेकडीवर पाणी पोचवणारा भिस्ती, रेसिडेन्सीतला दुभाषा, महाल भागातल्या सावकाराचा मुनीम. आमच्या टेबलावर हा प्रसंग निघाला तेव्हा भिस्ती झालेला पोरगा म्हणाला, "मी मशक घेऊन तोफांपाशी जातो आन् बारुदीवर पाणी ओततो."

इथे काय होतं ते नीट बघा, कारण सगळा प्रकार या पाच मिनिटांत आहे. पुस्तकात 'बारूद भिजवणे' असं काही नाही. जीएमने फासा मागितला नाही, आधी प्रश्न विचारले. तोफेपाशी भिस्त्याला कोण जाऊ देईल? त्यावर दुभाष्या झालेला म्हणाला, अबे, जाऊ देतीलच. तोंडाकडून भरायच्या तोफेची नळी प्रत्येक बारानंतर ओल्या बोळ्याने पुसावी लागते, नाही तं आत राहिलेल्या ठिणगीने पुढचा बार भरतानाच उडतो. म्हणजे तोफेपाशी पाणी लागतंच, आणि भिस्ती तिथे असणं हेच साहजिक. झालं, तिथवर पोचायला फासा नाही. मशकेत पाणी किती? अंदाजे ३० लिटर. बारूद कशात आहे? पिंपात, झाकण बंद, आणि हाताशी एक उघडं पिंप, कारण लढाई चालू आहे. म्हणजे एकच पिंप भिजेल, सगळी नाहीत. पण ते पिंप कायमचं गेलं, कारण बारुदीतला सोरा पाण्यात विरघळतो आणि भिजलेली बारूद नुसती वाळवून पुन्हा कामाची होत नाही. राहिली एकच अनिश्चित गोष्ट: कुणाच्या लक्षात येतं की नाही. फासा फक्त तेवढ्यासाठी.

आम्ही दोन साधे सहाबाजूंचे फासे वापरत होतो, अपॉकॅलिप्स वर्ल्डच्या पद्धतीने. बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण किंमत मोजावी लागते, ६ किंवा कमी आली तर जीएम परिस्थिती बिघडवतो. भिस्त्याला बेरजेत मिळवायला अधिक १ होता. तेव्हा पूर्ण यश २८ टक्के, अर्धं यश ४४ टक्के, फजिती २८ टक्के. आलं ८. जीएमने टाकण्याआधीच सांगून ठेवलं होतं की अर्ध्या यशात पिंप भिजेल पण मशक तिथेच टाकून पळावं लागेल. आता टेकडीवर एक रिकामी मशक पडली आहे आणि ती कुणाची हे विचारायला सैनिक दुभाष्याकडेच येणार आहेत. पुढचा प्रसंग आपोआप तयार.

तोफांना पाणी का लागतं ही माहिती कुठल्याच शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, नव्हती, तरी तिने निकाल बदलला. बोर्ड गेममध्ये चित्रातला पाऊस चित्रातच राहतो. इथे पाऊस पडतोय म्हटलं की वाती विझतात. आणि हो, त्याच बैठकीत एकाने हरकत घेतली की इतिहासात कंपनी जिंकली, मग हे बदलेल कसं? बदलू शकतं. शेवट आधी ठरवून बसायचं असेल तर नाटक बसवा, तोही चांगला उद्योग आहे.

आता माझा जुना वाद. आमच्या ग्रुपातला एक गृहस्थ आजही म्हणतो की कॅरेक्टर शीटवर जे कौशल्य लिहिलंय तेवढंच करता येतं, आणि मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती), चौकटीचा नकाशा व तीनशे पानांचं पुस्तक नसेल तर तो 'खरा' आरपीजी नाही. राजेहो, १९९१ चा अँबर हा गेम फाशांशिवाय चालतो. १९८१ च्या कॉल ऑफ कथुलूत नकाशा नसला तरी काही अडत नाही आणि मारामारी केली तर बहुतेक मरताच. शीट म्हणजे तुमचं पात्र कशात चांगलं आहे याची नोंद. ती परवानग्यांची यादी नाही. शीटवर 'पोहणे' नाही म्हणून माणूस नदीत उतरूच शकत नाही का? उतरेल, गटांगळ्या खाईल. तो काय म्हणतो हे मला कळतं, त्याला जीएमची मनमानी नको आहे. पण त्यावर उपाय वेगळा आहे: टाकण्याआधी काय मिळेल आणि काय जाईल हे मोठ्याने सांगायचं, आणि खेळाडूला माघार घ्यायची मुभा द्यायची. एवढं पाळलं तर मनमानीच्या तक्रारी बऱ्याच कमी होतात. त्याऐवजी आणखी एक जाड पुस्तक विकत घेणं म्हणजे रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

नवीन टेबलं दोन ठिकाणी हमखास अडतात. पहिलं, 'मीपण पाहतो'. डी-२० च्या, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाच्या गेममध्ये कुलूप उघडायला १५ किंवा जास्त हवेत आणि कुणालाच अधिक काही नाही असं धरा. एकाला संधी ३० टक्के. तिघांनी ओळीने टाकला तर कुणातरी एकाचं जमण्याची शक्यता ६६ टक्के होते, म्हणजे तुम्ही अवघड म्हणून ठेवलेलं कुलूप सोपं झालं आणि फाशाची भीती गेली. म्हणून एका कामाला एकच टाक. दुसरा मदत करू शकतो, पण परत टाकायचं तर परिस्थिती बदलली पाहिजे किंवा वेळ गेला पाहिजे. दुसरं, गोष्ट पुढे जायला जी माहिती लागते ती फाशामागे लपवणं. तिघांचेही फासे आपटले की सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. माहिती फुकट द्या, फासा टाकायचा तर ती मिळायला किती वेळ लागला किंवा कोणी पाहिलं यासाठी टाका.

तुमच्या चौघांसाठी: काहीच घेऊ नका. डी अँड डीचे मूळ नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहेत. पण पहिल्या बैठकीला तेही नको. लुडोतले दोन फासे, चार पेन्सिली, खोडरबर, अर्ध्या पानाची शीट: नाव, धंदा, काय हवंय, कशात अधिक १, कशात अधिक २, कशात उणे १. जीएमने कथा लिहून आणू नये. एक जागा, परस्परविरोधी मतलब असलेली तीन माणसं, आणि कागदावर सहा चौकोनांचं एक घड्याळ. कुणी काहीच केलं नाही तर काय घडेल ते त्यावर लिहायचं, आणि प्रत्येक फजितीला किंवा वाया घालवलेल्या तासाला एक चौकोन काळा करायचा. सहा भरले की ते घडतं, मग खेळाडू तयार असोत वा नसोत. तीन तास पुरतात. पात्रं चौघांनी एकत्र बसून बनवा, घरून बनवून आणलीत तर पहिला तास ही माणसं एकमेकांसोबत का आहेत हे शोधण्यात जातो.

काही अपवाद आहेतच, नाही तर खाली कुणीतरी लिहीलच. २००९ च्या फियास्कोत जीएम नसतो, उत्तर देण्याचं काम टेबल वाटून घेतं. २०१८ चा आयर्नस्वॉर्न एकट्यानेही खेळता येतो, तिथे खेळाडू स्वतःलाच प्रश्न विचारतो आणि उत्तर तक्त्यावरून काढतो. माझ्या कसोटीला 'माणूस' लागत नाही, 'उत्तर' लागतं, म्हणून हे दोन्ही आत येतात. काठावरचे प्रकार आहेत. काही जण ग्लूमहेवनमध्ये घरचे नियम घालून दार जाळतात. त्या संध्याकाळपुरतं ते टीटीआरपीजी खेळताहेत असं मी खुशाल म्हणेन, आणि उलट, मिनी मांडून फक्त 'हल्ला, हल्ला, तुझी पाळी' करणारे डी अँड डीचं पुस्तक उघडून बोर्ड गेम खेळतात. त्यातही वाईट काही नाही, फक्त मग बोर्ड गेमच चांगला घ्या, ते काम तो जास्त नीट करतो.

आणि मे महिन्यात बसणार असाल तर टेबल कूलरच्या थेट झोतात लावू नका. शीटा उडतात, दमट हवेने कागद मऊ पडतो आणि खोडताना फाटतो. पुठ्ठ्याच्या क्लिपबोर्डवर शीट लावा आणि फासे ताटलीत टाका, म्हणजे दिवाणाखाली गेलेला फासा मोजायचा की नाही यावर वेगळा वाद नको. आम्ही मोजत नाही.