काढणी यंत्र आणि त्याच्या मागे चालणारी घरची माणसे

बटाट्याच्या काढणीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील अडचण पुष्कळ घरांत असते आणि ती बोलून दाखवणारे मात्र फार थोडे असतात.

प्रश्न : आमच्या घरच्या शेतावर ट्रॅक्टरला जोडायचे दोन वरंब्यांचे काढणी यंत्र आहे. ट्रॅक्टर सासरे चालवतात आणि मी, जाऊबाई व धाकटे दीर मागून बटाटे वेचतो. पाला आणि ओली माती अडकून बटाटे मागे नेणारी यंत्राची सळयांची साखळी मधूनमधून तुंबते. अशा वेळी सासरे इंजिन चालूच ठेवतात, क्लच दाबून धरतात आणि दीर हाताने पाला ओढून काढतात. सगळे बंद करून पुन्हा सुरू करण्यात वेळ जातो, असे दोघांचेही म्हणणे आहे. मला त्या वेळी धडकी भरते. पण इतकी वर्षे ट्रॅक्टर चालवणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला मी काय सांगणार?

उत्तर : ताई, आपली भीती अगदी रास्त आहे. क्लच दाबून धरला म्हणजे साखळी थांबलेली दिसते, पण ती बंद झालेली नसते. एका पायाच्या दाबावर ती खोळंबलेली असते. चिखलाने माखलेला बूट पेडलवरून घसरला, किंवा मागे काय चालले आहे हे पाहण्यासाठी सासऱ्यांनी अंग वळवले आणि पाय नकळत सैल पडला, तर दिरांची बोटे सळयांमध्ये असतानाच ती फिरू लागेल. अनुभवी माणसाचा पाय घसरत नाही असे म्हणता येत नाही, कारण दिवसभराच्या कामाने तोही थकलेला असतो.

ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती यंत्राला देणारा पीटीओ (पॉवर टेक-ऑफ) शाफ्ट पूर्ण वेगात मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टची जाडी सात सेंटिमीटर धरली, तर त्याचा घेर सुमारे २२ सेंटिमीटर होतो. म्हणजे त्यात ओढणीचे टोक अडकले तर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळले जाते. इंजिन निम्म्या वेगावर असले तरी एक मीटर कापड जातेच. आपण ओरडल्यापासून ते चालकाच्या कानापर्यंत आणि तिथून त्याच्या पायापर्यंत जाण्यास, त्यातही ट्रॅक्टरच्या आवाजात, सेकंदाहून अधिक वेळ लागतो. माझ्या काकांच्या सदऱ्याची बाही अशीच एकदा शाफ्टवर ओढली गेली. सदरा जुना आणि विरलेला होता, म्हणून खांद्याची शिवण उसवून बाही तेवढी गेली आणि हात राहिला. ती बाही शाफ्टवर दोरीसारखा पीळ घेऊन इतकी घट्ट बसली होती, की चाकूने कापूनच काढावी लागली.

म्हणून साखळी तुंबली की क्रम असा असावा : थ्रॉटल खाली आणावा, पीटीओचा दांडा सोडवावा, यंत्र जमिनीवर टेकवावे, हातब्रेक लावावा, इंजिन बंद करावे, किल्ली काढावी आणि शाफ्ट पूर्ण स्थिर झालेला डोळ्यांनी पाहावा. यंत्र टेकवण्याची पायरी पुष्कळ जण गाळतात. पण हायड्रॉलिकवर उचलून धरलेल्या यंत्राखाली हात किंवा डोके घालू नये, कारण नळी फुटली किंवा दांड्याला धक्का लागला तर ते सरळ खाली येते. फाळाखालूनच काही काढायचे असेल, तर आधी भक्कम लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. इतके केल्यावरही पाला आकड्याने किंवा सळईने ओढावा, हाताने नव्हे. तुंबलेल्या साखळीत ताण साठून राहिलेला असतो आणि अडकलेला दगड सुटला की इंजिन बंद असतानाही ती झटक्याने पुढे सरकू शकते.

या सगळ्याला फार तर एक-दोन मिनिटे लागतात. दिवसात दहा वेळा साखळी तुंबत असेल, तर वीस मिनिटे गेली. आणि खरे म्हणजे दहा वेळा तुंबणे हाच यंत्राने केलेला तक्रारअर्ज आहे. पाला काढणीपूर्वी कापलेला नसेल, जमिनीला वाफसा येण्याआधीच यंत्र घातले असेल, फाळ गरजेपेक्षा खोल जात असेल किंवा ट्रॅक्टरच्या मानाने साखळी हळू चालत असेल, तरच ती वारंवार तुंबते. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोचल्यावर भुगा होऊन सुटला तर काढणी सुरू करावी. तो चिकट राहिला तर थांबावे. हे कारण दूर झाले की वेळ वाचवण्याचा वादच उरत नाही.

आता सांगायचे कसे, हा आपला खरा प्रश्न. नोकरीच्या ठिकाणी मुकादम असतो, नियमावली असते. घरच्या शेतावर चालक हेच सासरे असतात आणि त्यांना ‘थांबा’ म्हणणे हे सुनेला किंवा धाकट्या मुलाला उद्धटपणाचे वाटते. म्हणून नियम माणसाच्या नावाने न करता किल्लीच्या नावाने करावा : जो यंत्रात हात घालणार, त्याच्या खिशात किल्ली. मग कोणी कोणाला काही सांगावे लागत नाही. सासरे किल्ली दिरांच्या हातात देतात आणि ती परत मिळेपर्यंत ट्रॅक्टर सुरूच होऊ शकत नाही. आमच्या घरी वडिलांनी किल्लीला सुतळी बांधली होती. साखळी साफ करणारा ती गळ्यात घालून सदऱ्याच्या आत टाकत असे आणि वडील स्वतः तोवर बांधावर उभे राहत. ते स्वतः ट्रॅक्टरवरून खाली उतरत, म्हणून आम्हा मुलांनाही तो नियम कधी जाचक वाटला नाही.

दुसरी गोष्ट खुणेची. दोन्ही हात डोक्यावर उंच धरले की ट्रॅक्टर थांबवायचा, मग खूण घरातल्या कोणीही केलेली असो आणि कारण मागाहून कळो. हे काढणीच्या आदल्या संध्याकाळी, इंजिन बंद असताना, सगळ्यांना एकत्र उभे करून ठरवावे आणि शक्य असेल तर सासऱ्यांनाच ते जाहीर करण्याची विनंती करावी. आपण त्यांची चूक दाखवत आहात असे न होता, इतकी वर्षे ज्यांनी यंत्र सांभाळले त्यांच्याच तोंडून धाकट्या दिराला शिस्त लागावी अशी आपली इच्छा आहे, असे ते होईल. आणि ते खोटेही नाही.

वेचणाऱ्यांनी यंत्राच्या पाठोपाठ चालू नये. साखळीवरून ढेकळे आणि दगड उडतात, शिवाय वळताना ट्रॅक्टर मागेही येतो. एक पट्टा काढून शेजारचा पट्टा तसाच सोडावा, वेचणी झाली की मग तो काढावा. म्हणजे काढलेल्या बटाट्यांवरून चाकही जात नाही आणि माणसे व ट्रॅक्टर यांच्यात अंतरही राहते. मागची माणसे मागे पडली, तर ट्रॅक्टर रेंगाळत चालवण्यापेक्षा तो उभा करावा. यंत्राचा वेग जमिनीप्रमाणे ठरतो, पण ते किती वेळ चालावे हे वेचणाऱ्या हातांनी ठरवले पाहिजे.

प्रश्न : यंदा वडिलांऐवजी प्रथमच मी ट्रॅक्टर चालवला. बटाटे अगदी स्वच्छ निघाले, माती जवळजवळ नव्हतीच. तरी काही बटाटे कापले गेले, पुष्कळांची साल सुटली आणि साठवणीत ठेवल्यावर आतून काळसर डाग दिसू लागले. यंत्र नवे आहे. चूक कुठे झाली?

उत्तर : आपण ज्याचे कौतुक केले आहे, तो स्वच्छपणाच बहुधा या नुकसानीच्या मुळाशी आहे. साखळीवरची माती ही बटाट्याची गादी असते. साखळीच्या लांबीचा साधारण दोन-तृतीयांश भाग पार होईपर्यंत मातीने बटाट्यांना साथ दिली पाहिजे आणि शेवटच्या टप्प्यातच ती गळून जावी. माती आधीच गळाली तर बटाटे उघड्या सळयांवर उड्या मारत मागे जातात. ट्रॅक्टर ज्या वेगाने पुढे जातो, साधारण त्याच वेगाने किंवा किंचित अधिक वेगाने साखळी मागे सरकावी. साखळी फार वेगाने फिरत असेल, तर थ्रॉटल थोडा खाली आणून गिअर एक पायरी वर घ्यावा. ट्रॅक्टरची चाल तीच राहते आणि साखळी शांत होते. साखळीला झटके देऊन माती झाडणारी चाके यंत्रात असतील, तर हलक्या जमिनीत ती काढून ठेवावीत.

कापलेल्या बटाट्यांचे उत्तर सोपे आहे : फाळ उथळ गेला. वरंबा हाताने उकरून सर्वांत खालचा बटाटा कुठे आहे ते पाहावे आणि फाळ त्याच्या थोडा खालून जाईल अशी खोली ठेवावी. मात्र उगाच खोल नेल्यास मातीचा भार वाढतो आणि साखळी तुंबते. वरंब्यांतील अंतर आणि ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतर जुळते का, हेही तपासावे. वरंबे ६० सेंटिमीटरवर असतील आणि दोन वरंबे एकदम काढायचे असतील, तर चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२० सेंटिमीटर हवेत. नाही तर चाक वरंब्याच्या कुशीवरून जाते आणि दोष मात्र फाळाला दिला जातो.

साल सुटली याचा अर्थ ती पिकली नव्हती. पाला कापल्यानंतर किंवा तो पूर्ण सुकल्यानंतर बटाटे दोन ते तीन आठवडे जमिनीतच राहू द्यावेत. काही झाडे उकरून बटाट्यावर अंगठा दाबून घासावा. साल सरकली तर आणखी थांबावे. नवशिक्या चालकाला ट्रॅक्टर तयार उभा असताना थांबणे फार जड जाते, याची मला कल्पना आहे.

काळ्या डागांकडे मी मुद्दाम शेवटी येतो, कारण ते काढणीच्या दिवशी दिसतच नाहीत. मार बसल्यावर साल अखंड राहते, पण तिच्या खालच्या पेशी फुटतात आणि त्यांतील घटकांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन एक ते दोन दिवसांत गडद रंगद्रव्य तयार होते. म्हणून पहिल्या दिवशीच परीक्षा घ्यावी. वीस बटाटे वरंब्यातून हाताने उकरून काढावेत, वीस यंत्राच्या मागे पडलेले उचलावेत आणि वीस ट्रॉलीतून घ्यावेत. तिन्ही ढीग वेगवेगळ्या पिशव्यांत घालून, चिठ्ठ्या लावून, उबदार जागी दोन दिवस ठेवावेत आणि मग सोलावेत. हाताने काढलेले स्वच्छ आणि यंत्रामागचे डागी निघाले, तर दोष साखळीचा आहे. यंत्रामागचे चांगले आणि ट्रॉलीतले डागी निघाले, तर दोष माणसांच्या हातांत आहे : पाटी उंचावरून उपडी केली जाते, किंवा कोणीतरी ढिगावर उभे राहते. बटाटा कुठेही १५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे सहा इंचांपेक्षा, अधिक उंचीवरून पडू नये. ट्रॉलीच्या तळाला जुने पोते अंथरले तरी बराच फरक पडतो.

थंड बटाटा अधिक ठिसूळ असतो. गराचे तापमान ८ ते १० अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर काढणी उशिरा सुरू करावी. उलट, काढलेले बटाटे भर उन्हात तासन्‌तास पडू देऊ नयेत. ते तापतात, आणि प्रकाशात राहिल्यास हिरवे पडतात. हिरव्या बटाट्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असू शकते, म्हणून असे बटाटे वेचतानाच बाजूला काढावेत.

प्रश्न : आमची तेरा वर्षांची मुलगी ट्रॅक्टर चालवण्याचा हट्ट धरते. सरळ शेतात, कमी वेगात, मी शेजारी मडगार्डवर बसून तिला चालवू दिले तर चालेल का?

उत्तर : नाही. मडगार्ड ही बसण्याची जागा नव्हे. तिथून घसरलेला माणूस मागच्या चाकाखाली किंवा थेट यंत्रावर पडतो, मग तो माणूस आपण असा की ती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या किमान वयाच्या करारात धोकादायक कामासाठी १८ वर्षांची मर्यादा धरली आहे आणि घरच्या शेतावरचे यंत्र काही कमी धोकादायक नसते. मुलीचा उत्साह मोडू नये. वर सांगितलेली वीस-वीस बटाट्यांची परीक्षा तिच्याकडे सोपवावी, नोंदवही तिच्या हाती द्यावी आणि तिने काढलेल्या निष्कर्षानुसार दुसऱ्या दिवशी साखळीचा वेग खरोखर बदलावा. इंजिन बंद असताना ग्रीस कुठे लागते, फाळ कसा बदलतात, हे तिला जरूर दाखवावे.

प्रश्न : शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण तडकले आहे. तारेने बांधून हंगाम काढता येईल का? शिवाय शिअर बोल्ट सारखा तुटतो. त्या जागी कडक पोलादाचा बोल्ट घालावा का?

उत्तर : दोन्ही करू नये. तारेचे टोक फिरत्या शाफ्टवर आकड्याचे काम करते. नवे आवरण बसवल्यावर, इंजिन बंद असताना ते हाताने फिरवून पाहावे. ते शाफ्टवर मोकळे फिरले पाहिजे, आणि त्याची छोटी साखळी यंत्राच्या किंवा ट्रॅक्टरच्या स्थिर भागाला अडकवलेली असावी, म्हणजे शाफ्ट फिरला तरी आवरण स्थिर राहते. शेताच्या टोकाला यंत्र उचलून वळण्यापूर्वी पीटीओ सोडवावा, कारण तिरक्या झालेल्या शाफ्टमुळेही आवरण आणि सांधे लवकर मोडतात.

शिअर बोल्ट मुद्दाम मऊ केलेला असतो. दगड अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स, साखळी व शाफ्ट वाचतात. कडक बोल्ट घातला, तर दगडाचा धक्का त्या महागड्या भागांना बसेल. तो वारंवार तुटत असेल, तर फाळाची खोली, वाकलेल्या सळया आणि साखळीचे रोलर तपासावेत. त्याच मापाचे आणि त्याच प्रतीचे चार-पाच बोल्ट हत्यारांच्या पेटीत ठेवावेत आणि माप पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवावे, म्हणजे घाईच्या वेळी हाताला लागेल तो बोल्ट कोणी घालणार नाही.