राजीनाम्यात 'राजी' कोण असतं?

प्रश्न असा आला आहे : "लोकसभेचा निकाल लागला की हरलेल्या पक्षाच्या नेत्याने राजीनामा द्यावा, अशी ओरड सुरू होते. पण या शब्दात 'राजी' कसं काय आलं? खुर्ची सोडायला राजी असतो तरी कोण? की हा शब्द 'राज्य', 'राजा' यांच्यावरून आलाय? आणि हल्ली बातम्यांत 'राजीनामा सोपवला' म्हणतात, ते बरोबर का?"

आधी राजाला वाटेला लावू. राजीनाम्याचा राजाशी किंवा राज्याशी काडीचाही संबंध नाही. यातला 'राजी' मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. अर्थ खूश, तयार, कबूल. 'नामा' म्हणजे फारसीत लेख, पत्र. करारनामा, पंचनामा, मुखत्यारनामा यांतला तोच हा. (निवडणुकीची सुरुवात जाहीरनाम्याने होते आणि शेवट राजीनाम्याने, हा विनोद बहुधा पहिल्या निवडणुकीइतकाच जुना असावा.) तेव्हा राजीनाम्याचा शब्दशः अर्थ संमतिपत्र : 'माझी ना नाही' असं लिहून दिलेला कागद.

या राजीचं गोत बघण्यासारखं आहे. आपण हापिसात जी 'रजा' टाकतो ती याच घरातली. मूळ अर्थ मर्जी, परवानगी. मग परवानगीने मिळालेली सुट्टी. आणि आता नुसतीच सुट्टी. 'नाराज'ही त्यातलाच, राजी नसलेला. त्यामुळे 'नाराज नेत्याचा राजीनामा' हा मथळा शब्दशः वाचला तर भलतीच गंमत होते. जो राजी नाही, त्याने राजी असल्याचं लिहून दिलंय. मथळा लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही आणि जाणवायचं कारणही नाही, कारण मराठीत राजीनामा या शब्दातला राजी केव्हाच विरघळून गेलाय.

हिंदीत मात्र तो विरघळलेला नाही. तिथे राजीनामा म्हणजे दोन पक्षांमधला समेट, कोर्टाबाहेर झालेली तडजोड. पद सोडायचं असेल तर हिंदी माणूस 'इस्तीफा' देतो. त्याचं मूळ बघा : 'माफ' ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून इस्तीफा झालाय. म्हणजे क्षमा मागणं, 'या कामातून मला मोकळं करा' अशी विनवणी. संस्कृत वळणाचं 'त्यागपत्र' आणखी वेगळं. त्यात सोडणारा थेट त्यागी होऊन बसतो. कृती एकच, पण एका शब्दात माफी आहे, दुसऱ्यात मोठेपणा आणि आपल्या शब्दात फक्त रुकार. मला विचाराल तर तिघांत आपला सर्वांत कमी नाटकी आहे.

आता खरा प्रश्न. संमतिपत्राचं पदत्यागपत्र झालं कसं? उत्तर शेतात सापडतं. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात रयतवारी होती. सरकारने सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा, मधे जमीनदार नाही. ज्याला जमीन कसायची नसेल, साऱ्याचा बोजा नको असेल, त्याने तसं सरकारला लिहून द्यायचं. हा कागद म्हणजे राजीनामा : 'या जमिनीवरचा हक्क सोडायला मी राजी आहे.' आणि जो नवा माणूस ती जमीन घेईल त्याने साऱ्याची जबाबदारी पत्करल्याचं लिहून द्यायचं, ती कबुलायत. जुन्या महसुली कागदांत राजीनामा-कबुलायत ही जोडी नवराबायकोसारखी एकत्र येते. जमीन सोडण्यावरून नोकरी सोडणं आणि नोकरीवरून मंत्रिपद, हा प्रवास मग लांबचा नाही.

हा शब्द आणखी कुणाकुणाकडे या अर्थाने आहे ते पाहिलं की वरच्या तर्काला बळ येतं. गुजराती 'राजीनामुं' देतात, कानडी 'राजीनामे', तेलुगू आणि तमिळ लोकांतही तोच शब्द. मल्याळम लोकांनी तर 'नामा' टाकून दिला आणि नुसती 'राजि' ठेवली. मुंबई आणि मद्रास या दोन इलाख्यांचा हा पट्टा, आणि रयतवारीही मुख्यतः याच दोन इलाख्यांत. उत्तरेत जमीनदारीचा जोर होता, तिथे शेतकऱ्याने सरकारला जमीन सोडल्याचं लिहून द्यायचा प्रसंगच फारसा नव्हता. तिथे राजीनामा तडजोडीपुरताच उरला. हा जोड माझा आहे, शब्दकोशांचा नव्हे, पण नकाशा बराच जुळतो.

हे जुनं शेतकी रूप मनात ठेवून २०२४चा निकाल पाहा. ४ जूनला निकाल लागला. ५ जूनला नरेंद्र मोदींनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्या दिवशी पुष्कळ लोक चमकले : रालोआला, म्हणजे भाजपच्या आघाडीला, २९३ जागा, सत्ता येणार हे स्पष्ट, मग राजीनामा कसला? भाजपच्या जागा ३०३वरून २४०वर आल्या म्हणून दिला की काय, असेही तर्क लढवले गेले. तसं काही नव्हतं. जुन्या लोकसभेच्या जोरावर असलेलं सरकार नव्या लोकसभेआधी पद सोडतं, राष्ट्रपती त्याला नवी व्यवस्था होईपर्यंत काम बघायला सांगतात, एवढाच हा रिवाज. ९ जूनला शपथविधी झाला. आधी राजीनामा, मग कबुलायत. तोच कसणारा, तीच जमीन.

त्याच महिन्यातला दुसरा राजीनामा तर थेट शेतजमिनीच्याच चालीचा. राहुल गांधी वायनाड आणि रायबरेली अशा दोन्ही जागांवर निवडून आले. कायद्याप्रमाणे अशा वेळी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे १४ दिवसांत, एक जागा सोडावी लागते; नाही सोडली तर दोन्ही रिकाम्या होतात. त्यांनी वायनाड सोडलं, पोटनिवडणुकीत प्रियांका गांधी तिथून निवडून आल्या. याला कुणी पराभव म्हणणार नाही आणि त्यागही म्हणणार नाही. जमिनीच्या दोन खात्यांतलं एक सोडावं तसं, एवढंच. राजीनामा या शब्दाचा इतका चपखल वापर राजकारणात क्वचितच बघायला मिळतो.

पण प्रश्नकर्त्याच्या मनात हे राजीनामे नाहीत. निकालाच्या संध्याकाळी चर्चेत येतो तो वेगळा, आणि तो ओळखायचा तर नामापेक्षा क्रियापदाकडे बघावं. राजीनामा मागतात, देतात, घेतात, देऊ करतात, नामंजूर करतात, मागे घेतात. शिवाय तो खिशात ठेवतात; २०१४ ते २०१९ या काळात शिवसेनेच्या मंत्र्यांचे राजीनामे खिशात होते आणि ते तिथेच चुरगळले. यातल्या प्रत्येक क्रियापदाबरोबर राजी कोण, हे बदलतं. 'दिला' म्हटलं की देणारा राजी. 'घेतला' म्हटलं की घेणारा राजी, देणाऱ्याला विचारतो कोण! आणि 'देऊ केला' हे सर्वांत मुरलेलं क्रियापद. त्यात देणाऱ्याने देण्याची तयारी दाखवलेली असते आणि घेणाऱ्याची न घेण्याची तयारी त्याला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते.

काँग्रेसच्या दोन पराभवांतला फरक या क्रियापदांनी छान पकडता येतो. २०१४मध्ये पक्ष ४४ जागांवर आला. सोनिया आणि राहुल गांधींनी कार्यसमितीत राजीनामे देऊ केले, कार्यसमितीने ते नाकारले, विषय संपला. २०१९मध्ये ५२ जागा मिळाल्या, राहुल यांची स्वतःची अमेठी गेली. २५ मेला पुन्हा देऊ केला, कार्यसमितीने पुन्हा नाकारला. लोकांनी 'आता हेही तसंच' म्हणत मान फिरवली. पण या वेळी माणूस हटेना, आणि ३ जुलैला त्यांनी चार पानी पत्रच जाहीर केलं. 'देऊ केला'चा 'दिला' व्हायला महिना-सव्वा महिना गेला. मधल्या काळात लोकांचा प्रश्न एकच होता : दिलाय की देऊ केलाय? मराठी वाचकाला हा भेद व्याकरण शिकल्याशिवाय कळतो.

याच्या अगदी उलट, ज्याच्याकडे कुणी मागितला नाही आणि तरी दिला, असं उदाहरण नितीशकुमारांचं. २०१४मध्ये बिहारमधून त्यांच्या पक्षाचे फक्त दोन खासदार आले. निवडणूक लोकसभेची, मुख्यमंत्रिपद राज्याचं. तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सोडलं. फेब्रुवारी २०१५मध्ये परत घेतलं, हा भाग वेगळा. आणि २०२४मध्ये महाराष्ट्रात भाजप २३वरून ९वर आल्यावर देवेंद्र फडणवीसांनी आपल्याला सरकारमधून मोकळं करावं, अशी विनंती पक्षश्रेष्ठींना केली. बहुतेक ठिकाणी 'राजीनाम्याची तयारी' असे मथळे झाले, पण 'मोकळं करा' हा भाव नेमका इस्तीफ्याचा आहे. सोडवणूक मागणारा आणि सोडायला राजी असलेला, यांत बारीकसं अंतर आहे. डिसेंबरात तेच मुख्यमंत्री झाले.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यामुळे या शब्दातला राजी अगदीच मेलेला नाही, असं म्हणावं लागतं. खासदार-आमदारांचा राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे याची खात्री पटली नाही, तर अध्यक्षांनी तो स्वीकारू नये, असं आपली राज्यघटना सांगते. अनुच्छेद १०१ आणि १९० मध्ये ही तरतूद १९७४च्या ३३व्या घटनादुरुस्तीने आली. त्याआधी गुजरातेत नवनिर्माण आंदोलनात आमदारांना घेरून, दबाव आणून राजीनामे लिहून घेतले गेले होते. म्हणजे घटनेने विचारलेला प्रश्न प्रश्नकर्त्याचाच : राजीनामा आहे खरा, पण माणूस राजी आहे का? पक्षाध्यक्षाच्या राजीनाम्याला अशी कुठलीही चाळणी नाही. तिथे पक्षाची मर्जी हीच घटना.

आणि जिथे राजीखुशीचा प्रश्नच नसतो तिथे मराठी राजीनाम्याच्या वाटेला जातही नाही. मग पक्ष डच्चू देतो, नारळ देतो, उचलबांगडी करतो. 'गच्छंती' तर थोर शब्द : संस्कृतात 'गच्छन्ति' म्हणजे 'ते जातात', पण मराठीत ते जात नाहीत, त्यांना घालवलं जातं. यातला 'पायउतार' तेवढा सभ्य. घोड्यावरून, पालखीतून खाली उतरणारा माणूस त्यात दिसतो, ढकललं की स्वतः उतरला ते सांगत नाही. म्हणून संपादकांचा तो लाडका. मतदारांची भाषा याहून रोखठोक. ते 'पाडलं' म्हणतात, 'घरी बसवलं' म्हणतात. राजीनामा मागतात ते विरोधक आणि विश्लेषक; मतदाराने तो बटण दाबून आधीच घेतलेला असतो.

राहता राहिला 'सोपवला'. हे हिंदी 'इस्तीफा सौंपा'चं सरळ उचललेलं रूप. मराठीत आपण सोपवतो ती जबाबदारी, काम, मूल. जे समोरच्याने पुढे सांभाळावं अशी अपेक्षा असते ते. राजीनामा कुणी सांभाळायचा नसतो, मंजूर किंवा नामंजूर करायचा असतो. तेव्हा राजीनामा 'दिला' म्हणा. राज्यपाल-राष्ट्रपतींसारख्या पदांसमोर भारदस्त हवं असेल तर 'सादर केला' म्हणा, 'सुपूर्द केला'ही चालेल. आणि 'राजिनामा' असा ऱ्हस्व 'जि' बऱ्याच ठिकाणी छापलेला दिसतो, तो चूक. राजीतली 'जी' दीर्घच. सामान्यरूपात मात्र राजीनाम्याचा, राजीनाम्याला, 'राजीनामाचा' नव्हे.